कियारी मालफॉर्मेशन आणि त्याची बदलती लक्षणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कियारी मालफॉर्मेशनचे निदान झालेल्या व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेक प्रश्न पहिल्या प्रकाराविषयी असतात. म्हणून वेगळा उल्लेख नसेल तेथे ‘कियारी’ म्हणजे पहिला प्रकार समजावा. डॉक्टरांशी नेमके बोलता यावे यासाठी ही माहिती आहे, तपासणीला पर्याय म्हणून नाही. प्रश्न ७ मध्ये दिलेली लक्षणे असतील तर पुढे वाचत न बसता आधी रुग्णालय गाठावे.

१. कियारी मालफॉर्मेशन म्हणजे नेमके काय?

कवटीच्या तळाशी एक मोठे छिद्र असते. मेंदूचा देठासारखा भाग, म्हणजे ब्रेनस्टेम, या छिद्रापर्यंत येतो आणि त्याखाली तोच मज्जारज्जू म्हणून मणक्यांच्या पोकळीत उतरतो. छिद्राच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. शरीराचा तोल आणि हालचालींतील सुसूत्रता तो सांभाळतो. लहान मेंदूच्या तळाशी दोन गोलसर भाग असतात, त्यांना टॉन्सिल म्हणतात. घशातल्या टॉन्सिलशी त्यांचा काही संबंध नाही. हे भाग छिद्रातून खाली मानेच्या पोकळीत उतरलेले असले, की त्या स्थितीला कियारी मालफॉर्मेशन म्हणतात. अनेकदा याचे मूळ मेंदूत नसून हाडात असते: कवटीचा मागचा कप्पा जन्मतः लहान राहतो आणि लहान मेंदूला पुरेशी जागा मिळत नाही.

जागेची ही टंचाई त्रासदायक ठरते ती मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवामुळे, ज्याला डॉक्टर सीएसएफ म्हणतात. प्रौढ शरीरात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होऊन शोषला जातो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यातला थोडा भाग या छिद्रातून खाली जातो आणि परत वर येतो. टॉन्सिल बाटलीच्या तोंडातल्या बुचासारखे तेथे अडकले, की ही ये-जा अडखळते आणि कियारीची बरीचशी लक्षणे तेथूनच सुरू होतात. प्राग येथे काम करणारे विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी १८९१ मध्ये या विकृतींचे वर्णन केले. आजाराला नाव त्यांचेच आहे.

२. प्रकार १, प्रकार २ असे लिहिलेले असते. मला कोणता प्रकार आहे हे कसे ओळखावे?

पहिल्या प्रकारात फक्त टॉन्सिल खाली उतरतात, आणि लक्षणे अनेकदा किशोरवयात किंवा प्रौढपणी दिसू लागतात. दुसऱ्या प्रकारात लहान मेंदूचा मधला भाग आणि ब्रेनस्टेमही खाली सरकलेले असतात. हा प्रकार पाठीच्या कण्याच्या उघड्या जन्मदोषासोबत येतो आणि जन्माच्या सुमारासच लक्षात येतो. तिसरा प्रकार अतिशय दुर्मीळ आणि गंभीर आहे. चौथ्या प्रकारात लहान मेंदूची वाढच अपुरी असते, त्यामुळे तो याच मालिकेत मोजावा का, याविषयी आता शंका घेतली जाते. प्रौढ वयात निदान झाले असेल आणि रिपोर्टमध्ये प्रकाराचा उल्लेख नसेल, तर तो बहुधा पहिलाच असतो. ‘प्रकार ०’ विषयी प्रश्न १८ पाहावा.

३. माझ्या रिपोर्टमध्ये टॉन्सिल ७ मिलिमीटर खाली असल्याचे लिहिले आहे. आजार किती गंभीर आहे?

केवळ या आकड्यावरून ते सांगता येत नाही. छिद्राच्या पुढच्या आणि मागच्या कडा जोडणारी रेषा काढून टॉन्सिलचे टोक तिच्याखाली किती आहे हे मोजतात, आणि प्रौढांमध्ये ५ मिलिमीटर किंवा अधिक अंतर असेल तर कियारी म्हणण्याचा प्रघात आहे. हा संकेत प्रतिमा वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी ठरलेला आहे. ५ च्या अलीकडे आरोग्य आणि पलीकडे आजार अशी सीमारेषा शरीरात नसते. एकच एमआरआय दोन तज्ज्ञांनी मोजला तरी एखाद्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

१२ मिलिमीटर उतरलेले टॉन्सिल असूनही कधीच त्रास न झालेली माणसे असतात, आणि जेमतेम ४ मिलिमीटर अंतर असूनही मज्जारज्जूत पोकळी तयार झालेले रुग्ण असतात. म्हणून आकड्याच्या जोडीने चार गोष्टी विचाराव्यात: टॉन्सिलचा आकार टोकदार आणि चेपलेला आहे का, मागच्या बाजूला द्रवाला जागा उरली आहे का, ब्रेनस्टेमवर दाब आहे का, आणि मज्जारज्जूत पोकळी आहे का. रिपोर्टची शेवटची ओळ वाचून रात्रभर जागणारे अनेकजण आम्हाला लिहितात. त्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे, की मिलिमीटरच्या आकड्याला भविष्यवाणी समजू नये.

४. कियारीची ओळखीची लक्षणे कोणती?

सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण लक्षण म्हणजे डोक्याच्या मागच्या भागात आणि मानगुटीत उठणारी कळ. खोकला, शिंक, मोठ्याने हसणे, कुंथणे किंवा जड वस्तू उचलणे यांपाठोपाठ ती लगेच येते आणि बहुधा काही सेकंदांत किंवा मिनिटांत ओसरते. या एका लक्षणाचे निदानातील वजन इतर सर्वांपेक्षा जास्त आहे.

त्याखेरीज तीन गट करता येतात. लहान मेंदूशी संबंधित गटात तोल जाणे, चाल अडखळणे, हातांच्या बारीक हालचाली बिघडणे आणि नजर स्थिर न राहणे ही लक्षणे येतात. ब्रेनस्टेम आणि तेथून निघणाऱ्या नसांच्या गटात गिळताना ठसका लागणे, आवाज घोगरा होणे, चक्कर, कानात आवाज येणे आणि झोपेत श्वास अडखळणे यांचा समावेश होतो. तिसरा गट मज्जारज्जूचा. त्याविषयी प्रश्न ८ मध्ये सविस्तर लिहिले आहे. एकाच व्यक्तीला ही सर्व लक्षणे क्वचितच असतात.

५. एके दिवशी मी ठीक असते आणि दुसऱ्या दिवशी उठवत नाही. लक्षणे इतकी का बदलतात?

सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि त्यामागे अनेकदा एक दुखरी शंका असते: ‘हे सारे माझ्या मनाचे खेळ तर नाहीत?’ तसे नाही. या चढउतारांना शरीरात कारणे आहेत.

पहिले कारण दाबाचे. आपण खोकतो किंवा कुंथतो तेव्हा छाती आणि पोटातला दाब शिरांमार्फत मणक्याच्या पोकळीपर्यंत आणि डोक्यापर्यंत पोहोचतो. निरोगी व्यक्तीत द्रव मोकळेपणाने वर-खाली सरकून हा फरक क्षणात भरून काढतो. वाट अडलेली असेल तर डोके आणि कणा यांच्यातील दाबाचा फरक टिकून राहतो आणि टॉन्सिल आणखी खाली रेटले जातात. त्यामुळे सर्दी-खोकल्याचा आठवडा, बद्धकोष्ठता, सामान हलवण्याचे काम किंवा वारंवार वाकणे यांपैकी काहीही घडले तर एमआरआयमधील चित्र तसूभरही न बदलता त्रास दुप्पट होऊ शकतो.

दुसरे कारण मानेच्या स्नायूंचे. दुखण्यापासून वाचण्यासाठी आपण नकळत मान ताठ धरतो, त्यामुळे स्नायू आखडतात, आणि आखडलेले स्नायू स्वतःची वेगळी डोकेदुखी निर्माण करतात. मूळ कळ ओसरल्यावरही दिवसभर रेंगाळणारे जडपण पुष्कळदा या स्नायूंचे असते.

तिसरे कारण थकव्याचे. तोल सांभाळण्यासाठी मेंदू डोळे, आतला कान आणि पायांकडून येणाऱ्या जाणिवा यांचा मेळ घालतो. लहान मेंदूच्या कामात अडथळा असेल तर डोळ्यांवरचा भार वाढतो. म्हणून अंधारात, डोळे मिटून तोंड धुताना किंवा गर्दीत सर्व बाजूंनी हालचाल होत असताना तोल अचानक जातो, आणि संध्याकाळपर्यंत माणूस विनाकारण गळून गेल्यासारखा वाटतो. त्याचे कारण हेच दिवसभराचे अदृश्य काम असते. अपुरी झोप, मासिक पाळीचे दिवस आणि सोबत असलेली मायग्रेन यांनीही त्यात भर पडते.

मात्र काही वेळा लक्षणे बदलतात ती आजार खरोखर पुढे सरकल्यामुळे. चढउतार आणि वाढ यांतला फरक ओळखण्याची एक उपयोगी कसोटी अशी, की चढउतारात त्रास वाढतो आणि कारण दूर झाल्यावर पूर्वीच्या पातळीवर परत येतो. आजार वाढत असेल तर त्रास पायरीपायरीने वर जातो आणि परतून येण्याची पातळीच बदलते. मागच्या वर्षी वाईट दिवशी जितका त्रास होता तितका आता चांगल्या दिवशीही असेल, तर तो चढउतार समजू नये. हातांची ताकद, स्पर्शाची जाणीव, गिळणे आणि लघवीवरचे नियंत्रण या चार गोष्टींत झालेला कोणताही टिकून राहणारा बदल डॉक्टरांना कळवायलाच हवा, मग डोकेदुखी कमी झालेली असली तरी.

६. डॉक्टरांसाठी लक्षणांची नोंद कशी ठेवावी?

थोडक्यात ठेवावी. रोज दोन पाने लिहिणारे महिन्याभरात कंटाळतात, आणि तपासणीच्या दहा मिनिटांत तितके वाचले जात नाही. दिवसाला एक ओळ पुरे: काय झाले, किती वेळ टिकले, त्याआधी काय केले होते, आणि कोणती वेदनाशामक गोळी घेतली.

त्यासोबत महिन्यातून एकदा स्वतःची क्षमता तपासावी, कारण ‘जास्त दुखते’ या शब्दांपेक्षा ‘दोन महिन्यांपासून उजव्या हाताने शर्टाची बटणे लागत नाहीत’ हे वाक्य डॉक्टरांना अधिक सांगते. एकच वाक्य कागदावर लिहून मागील अक्षराशी ताडून पाहणे, भिंतीजवळ राहून सरळ रेषेत चालणे, आणि दोन्ही हातांना कोमट व गार पाण्यातला फरक सारखाच कळतो का हे पाहणे, एवढे घरच्या घरी करता येते. गरम पाणी वापरू नये. जाणीव कमी झालेली असेल तर भाजल्याचे कळत नाही.

७. कोणत्या लक्षणांत थांबू नये?

गिळता न येणे किंवा प्रत्येक घासाला ठसका लागणे. श्वास थांबणे किंवा घुसमटणे. हातापायांत नव्याने आलेली किंवा वाढत जाणारी दुर्बलता. लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा जननेंद्रियांभोवती बधिरपणा येणे. शुद्ध हरपणे किंवा काही कळायच्या आत पाय गळून खाली कोसळणे. वाढत्या डोकेदुखीबरोबर उलट्या, गुंगी किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे. यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी तातडीच्या विभागात जावे. आयुष्यातील सर्वांत तीव्र डोकेदुखी एकाएकी सुरू झाली तर तिचे कारण कियारीपेक्षा वेगळे आणि धोक्याचे असू शकते; ‘मला हे नेहमीचेच आहे’ असे म्हणून ती अंगावर काढू नये.

शस्त्रक्रिया झालेल्यांनी ताप, मान ताठ होणे आणि जखमेतून स्वच्छ पाण्यासारखा द्रव झिरपणे ही लक्षणेही याच यादीत धरावीत.

८. ‘सिरिंक्स’ म्हणजे काय? त्याची लक्षणे वेगळी असतात का?

मज्जारज्जूच्या आत द्रवाने भरलेली पोकळी तयार होते, तिला सिरिंक्स म्हणतात, आणि त्या आजाराला सिरिंगोमायेलिया. छिद्रापाशी द्रवाची वाट अडली की प्रत्येक ठोक्याचा दाब मज्जारज्जूवर आदळत राहतो आणि हळूहळू आत पोकळी होते.

वेदना आणि तापमान यांची जाणीव वाहून नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मध्यभागातून एका बाजूकडून दुसरीकडे जातात, आणि पोकळी नेमकी तेथेच वाढते. त्यामुळे खांदे, दंड आणि हात यांवर शाल पांघरावी तशा पट्ट्यात वेदना व तापमान कळेनासे होते, पण साधा स्पर्श मात्र कळतो. स्वयंपाक करताना बोट भाजले आणि फोड दिसल्यावरच ते लक्षात आले, असे सांगणारे रुग्ण याच अवस्थेत असतात. पुढे पंजाचे स्नायू बारीक होतात, पाय कडक होतात, आणि कधी खांद्यात किंवा हातात सतत जळजळ राहते.

हे सारे सावकाश, वर्षानुवर्षे घडू शकते. म्हणूनच कियारीचे निदान झाल्यावर केवळ मेंदूचा एमआरआय पुरेसा मानू नये; मानेचा आणि शक्यतो संपूर्ण कण्याचा एमआरआय झाला आहे का, हे विचारून घ्यावे.

९. माझी डोकेदुखी कियारीची नसून मायग्रेनची आहे, असे डॉक्टर म्हणतात. ते टाळाटाळ करत आहेत का?

बहुधा नाही. मायग्रेन इतकी सर्रास आढळते, की कियारी असलेल्या अनेकांना ती स्वतंत्रपणे असते. अर्धे डोके तासन्‌तास ठणकणे, मळमळणे, उजेड आणि आवाज सहन न होणे ही लक्षणे मायग्रेनकडे बोट दाखवतात. खोकल्याबरोबर मागच्या बाजूला उठणारी क्षणिक कळ कियारीकडे. दोन्ही असतील तर दोन्हींवर उपचार करावे लागतात. मायग्रेनसाठी कियारीची शस्त्रक्रिया करून घेतलेली व्यक्ती शस्त्रक्रियेनंतरही त्याच डोकेदुखीसह राहण्याची शक्यता मोठी असते, म्हणून हा फरक आधी स्पष्ट करणारा डॉक्टर तुमच्या हिताचेच करत असतो. तरीही हातांचा बधिरपणा, ठसका किंवा तोल जाणे यांचे स्पष्टीकरण केवळ ‘मायग्रेन’ म्हणून दिले जात असेल, तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जनचे दुसरे मत अवश्य घ्यावे.

१०. अपघातानंतर केलेल्या एमआरआयमध्ये योगायोगाने कियारी आढळला. मला काहीच त्रास नाही. शस्त्रक्रिया करून टाकावी का?

लक्षणे नसतील आणि सिरिंक्स नसेल तर सर्वसाधारणपणे नाही. वेगवेगळ्या कारणांनी केलेल्या एमआरआयमध्ये सुमारे १ टक्का व्यक्तींत टॉन्सिल खाली उतरलेले दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर त्रास होत नाही. पुढे होईल म्हणून आताच शस्त्रक्रिया करण्यात तिचे धोके विनाकारण पत्करावे लागतात. कण्याचा एमआरआय एकदा करून घ्यावा, न्यूरोसर्जनकडून तपासून घ्यावे आणि प्रश्न ७ मधील यादी लक्षात ठेवावी.

११. औषधांनी कियारी बरा होतो का?

टॉन्सिल वर सरकवणारे औषध नाही. औषधे वेदना, स्नायूंचे आखडणे, नसांची जळजळ आणि सोबतची मायग्रेन यांवर काम करतात, आणि सौम्य लक्षणे असलेल्या अनेकांना तेवढे पुरते. येथे एक धोका सांगणे आवश्यक आहे: साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान (मायग्रेनवरील खास गोळ्या), ओपिऑइड (अफूच्या वर्गातील तीव्र वेदनाशामके) व मिश्र घटकांच्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी सुरू होऊ शकते. आजार वाढला असे वाटून गोळ्या वाढवल्या जातात आणि चक्र घट्ट होत जाते. प्रश्न ६ मधील नोंदीत गोळ्यांचा रकाना ठेवण्याचे कारण हेच आहे.

१२. शस्त्रक्रिया कोणाला सुचवतात आणि त्यात काय करतात?

खोकल्याची कळ दैनंदिन जगणे अडवत असेल, ब्रेनस्टेम किंवा लहान मेंदूची लक्षणे वाढत असतील, अथवा सिरिंक्स लक्षणे देत किंवा मोठा होत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. डोक्याच्या मागून छेद घेऊन छिद्राच्या मागच्या कडेचे साधारण तीन सेंटीमीटर रुंदीचे हाड काढतात आणि बहुतेक वेळा पहिल्या मणक्याची मागची कमानही काढतात. त्यानंतर अनेक शल्यविशारद मेंदूभोवतीचे जाड आवरण उघडून त्याला ठिगळ जोडतात, म्हणजे द्रवाला अधिक जागा मिळते.

आवरण उघडावे की केवळ हाड काढावे, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. आवरण न उघडल्यास द्रव झिरपणे आणि संसर्ग यांसारखे धोके कमी राहतात, पण पुन्हा शस्त्रक्रियेची गरज पडण्याची शक्यता वाढते. उघडल्यास याच्या उलट. सिरिंक्स असेल तर अनेकांचा कल आवरण उघडण्याकडे असतो. आपल्या शल्यविशारदांचा निर्णय कोणता आणि का, हे विचारण्याचा पूर्ण अधिकार रुग्णाला आहे, आणि अनुभवी डॉक्टरांना हा प्रश्न खटकत नाही.

१३. शस्त्रक्रियेनंतर काही महिने बरे वाटले, आता पुन्हा त्रास होतो आहे. शस्त्रक्रिया फसली का?

लगेच तसे समजू नये. कोणते लक्षण सुधारते याचाही एक क्रम असतो: खोकल्याची कळ सर्वांत चांगली आणि लवकर सुधारते, चालणे आणि तोल सावकाश, सिरिंक्समुळे आलेला जुना बधिरपणा आणि बारीक झालेले स्नायू मात्र पुष्कळदा तसेच राहतात, कारण तेथील तंतूंची हानी झालेली असते. अशा वेळी शस्त्रक्रियेचे यश हानी पुढे न जाण्यात असते. हे आधीच स्पष्ट सांगितले गेले तर नंतरची निराशा पुष्कळ टळते. सिरिंक्स आक्रसायला महिने लागतात आणि काहींत तो लहान होऊन कायम राहतो.

मानेचे स्नायू कापले गेल्यामुळे पहिल्या काही महिन्यांतील मानदुखी अपेक्षित आहे. परंतु सुधारणेनंतर जुनी लक्षणे परतली तर कारण शोधावे लागते: जखमेखाली द्रव साचणे, व्रणाच्या ऊतीने वाट पुन्हा अडणे, डोक्यातील द्रवाचा दाब वाढलेला असणे, काढलेले हाड अपुरे किंवा प्रमाणाबाहेर असणे, अथवा मानेच्या वरच्या सांध्यांतील अस्थिरता. शेवटच्या कारणासाठी प्रश्न १७ पाहावा.

१४. व्यायाम, आसने, मालीश चालतील का?

चालणे, सपाट जागी सायकल, मानेवर ताण न देणारे पोहणे हे बहुतेकांना चालते आणि करावेच. हालचाल बंद केल्याने स्नायू दुबळे होऊन त्रास वाढतो. श्वास रोखून वजन उचलणे, डोके खाली करून करायची आसने, आणि मानेला झटका बसणारे खेळ व झुले टाळावेत. मान कडकन मोडून ‘मोकळी’ करून देणाऱ्यांकडे कियारी असलेल्या व्यक्तीने कधीही जाऊ नये, याविषयी आमचे मत ठाम आहे. खांद्यांचे हलके मालीश वेगळे. त्यात धोका नाही. शौचाला कुंथावे लागू नये म्हणून चोथायुक्त आहार आणि पुरेसे पाणी यांचा फायदाही येथे मोजला पाहिजे.

१५. गर्भधारणा सुरक्षित आहे का? कंबरेतून भूल घेता येते का?

कियारी असलेल्या बहुतेक स्त्रियांची गर्भधारणा आणि प्रसूती सुरक्षित पार पडते. लक्षणे नसतील किंवा शस्त्रक्रियेनंतर स्थिती चांगली असेल तर नैसर्गिक प्रसूतीही होऊ शकते. तीव्र लक्षणे किंवा मोठा सिरिंक्स असेल तर दीर्घकाळ जोर लावणे टाळण्यासाठी वेगळे नियोजन करतात.

भुलेचा मुद्दा नाजूक आहे. कंबरेतून भूल देताना आवरणाला छिद्र पडून द्रव झिरपला, तर खालचा दाब कमी होऊन टॉन्सिल आणखी खाली ओढले जाऊ शकतात. म्हणून अशी भूल सर्वांना वर्ज्य नसली, तरी निर्णय ताज्या एमआरआयवरून आणि भूलतज्ज्ञांना बरेच आधी भेटून व्हायला हवा, प्रसववेदना सुरू झाल्यावर नव्हे. दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी शस्त्रक्रिया किंवा कंबरेतून पाणी काढण्याची तपासणी ठरली, तरी आपल्याला कियारी आहे हे आधी सांगावे. पूर्ण भूल देताना मान मागे किती वाकवायची याचीही काळजी घ्यावी लागते.

१६. मला कियारी आहे. माझ्या मुलांनाही होईल का, आणि मुलांत तो कसा ओळखावा?

काही कुटुंबांत तो एकाहून अधिक जणांत आढळतो, पण बहुतेक रुग्ण घरात एकटेच असतात. त्रास नसलेल्या मुलांचा केवळ खात्रीसाठी एमआरआय करण्याची प्रथा नाही. लक्ष मात्र ठेवावे. अगदी लहान मूल दूध पिताना वारंवार गुदमरते, झोपेत श्वास थांबवते, आवाज करत श्वास घेते किंवा मान मागे टाकून रडते. मोठे मूल खोकताना डोके धरते किंवा त्याचा कणा एका बाजूला वाकू लागतो. छातीच्या भागातील कण्याचा बाक डावीकडे असेल किंवा लहान वयातच वेगाने वाढत असेल, तर मज्जारज्जूचा एमआरआय सुचवला जातो, कारण अशा बाकामागे सिरिंक्स सापडू शकतो. मुलांत टॉन्सिल थोडे खाली असणे वयानुसार स्वाभाविक असते आणि वाढीबरोबर ते वर सरकूही शकतात.

१७. माझे सर्व सांधे गरजेपेक्षा जास्त वाकतात आणि मान डोक्याचे ओझे पेलत नाही असे वाटते. याचा कियारीशी संबंध आहे का?

असू शकतो. एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोमसारख्या आजारांत अस्थिबंध सैल असतात, आणि कवटी व पहिले दोन मणके यांच्यातील सांधे अस्थिर झाले तर कियारीसारखी लक्षणे येतात किंवा असलेली वाढतात. अशा व्यक्तीत केवळ हाड काढल्याने आधार आणखी कमी होण्याचा धोका असतो. म्हणून मान पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे आणि सीटी स्कॅन आधी केले जातात.

भारतीय न्यूरोसर्जन अतुल गोयल यांनी तर पहिल्या व दुसऱ्या मणक्यांतील अस्थिरता हेच कियारीचे मूळ असल्याचे मत मांडले आणि हाड काढण्याऐवजी ते सांधे स्क्रूने स्थिर करण्याचा मार्ग सुचवला. हे मत सर्व रुग्णांना लागू करण्यास बरेच न्यूरोसर्जन तयार नाहीत. स्पष्ट अस्थिरता दिसत असेल तेथे सांधे स्थिर करण्यावर मात्र व्यापक सहमती आहे. निर्णय घेण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे, की मान डावी-उजवीकडे वळवण्याच्या हालचालीतला सुमारे अर्धा भाग याच दोन मणक्यांमध्ये होतो, आणि स्थिरीकरणानंतर तो कायमचा जातो.

१८. मला सिरिंक्स आहे, पण टॉन्सिल खाली नाहीत. तरीही कियारी म्हणतात. हे कसे?

टॉन्सिल जागेवर किंवा अगदी थोडे खाली असूनही छिद्रापाशी द्रवाची वाट अडलेली असू शकते. अशा स्थितीला काही तज्ज्ञ ‘प्रकार ०’ म्हणतात. द्रवाची हालचाल दाखवणारा विशेष एमआरआय येथे उपयोगी पडतो. हे नाव देण्याआधी मज्जारज्जूतील गाठ, जुनी इजा आणि संसर्गानंतरची चिकटलेली आवरणे ही सिरिंक्सची इतर कारणे वगळलेली असली पाहिजेत. त्यासाठी एमआरआय कॉन्ट्रास्टसह, म्हणजे प्रतिमा उठून दिसावी म्हणून शिरेतून औषध टोचून, केला होता का, हे विचारावे.

१९. उभे राहिले की डोके दुखते आणि आडवे झाले की थांबते. हाही कियारीच का?

हे लक्षण उलट दिशेला नेते, आणि ते वेळीच ओळखणे अत्यंत महत्त्वाचे आहे. कण्याच्या आवरणाला कोठेतरी सूक्ष्म छिद्र पडून द्रव झिरपत असेल, तर मेंदूला तरंगत ठेवणारा आधार कमी होतो, मेंदू खाली बसतो आणि त्याबरोबर टॉन्सिलही खाली उतरतात. एमआरआयवर हे चित्र कियारीसारखे दिसू शकते. फरक कॉन्ट्रास्टसह केलेल्या एमआरआयमध्ये कळतो: मेंदूभोवतीचे आवरण उजळ दिसते, ब्रेनस्टेम खाली झुकलेला असतो आणि कधी मेंदूच्या बाजूंना द्रव साचलेला दिसतो. दिवस जुने झाले की उभे-आडवे हा फरक पुसट होतो, म्हणून डोकेदुखीची सुरुवात कशी झाली होती हे डॉक्टरांना आठवून सांगावे.

या स्थितीत टॉन्सिल हे कारण नसून परिणाम असतात. उपचार गळती शोधून बंद करण्याचा आहे, बरेचदा रुग्णाचेच रक्त कण्याच्या आवरणाबाहेर टोचून. त्यानंतर टॉन्सिल स्वतःहून वर सरकू शकतात. कियारी समजून मागचे हाड काढले तर गळती तशीच राहते आणि त्रास वाढण्याचीही भीती असते. याउलट डोक्यातील द्रवाचा दाब वाढल्यानेही टॉन्सिल खाली रेटले जातात. नजर क्षणभर अंधारणे आणि कानात ठोक्यांच्या तालावर घुमणे ही त्याची खूण. तेथे डोळ्यांचा मागचा पडदा तपासून घेणे हे पहिले पाऊल असते. यांपैकी काहीही आपल्या लक्षणांशी जुळत असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधीच ते न्यूरोसर्जनच्या कानावर घालावे.